दहाचा नाच

“पाय सोडू नका, नळवाले. टाके पडेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

नळवाल्यांनी पिवळ्याला काखेत आणखी घट्ट धरलं. करकोचा म्हणजे नुसते पाय आणि मान, मध्ये पिसांची उशी. वजन असं फारसं नाही, पण लाथ बसली तर माणूस आठ दिवस वाकून चालतो. पिवळ्याच्या डोक्यावर मोज्याचं टोक कापून केलेली टोपी होती आणि टोपीच्या भोकातून डाव्या डोळ्यावरची जखम तेवढी बाहेर दिसत होती. महिन्याभरातली ही दुसरी जखम, आणि दोन्ही निळीनेच केलेल्या. डोळा थोडक्यात वाचला होता.

भिंतीपलीकडे, पाणथळीच्या दालनात, निळी ओरडत होती. करकोच्याचा आवाज कोसभर जातो. बाईंनी सुईत दोरा ओवला आणि मान वर न करता म्हणाल्या, “तुम्हालाच बोलावतेय. दहा वाजले असतील.”

दहा वाजलेच होते.

पक्षी-उद्यानात एकूण पाच दालनं होती. पिंजरा हा शब्द वापरायला साहेबांची बंदी होती, त्यामुळे सहा मजली उंच जाळ्या लावूनही ती दालनंच होती. रानाचं दालन, वाळवंटाचं, पोपटांचं, चिमण्या-मुनियांचं, आणि सर्वांत मोठं पाणथळीचं. माणसं दुहेरी दारातून आत शिरत, लाकडी पुलावरून चालत आणि डोक्यावरून पक्षी गेला की मान वाकडी होईपर्यंत वर बघत. रानाच्या दालनात दर अर्ध्या तासाने छतातून धुकं पडायचं. त्या धुक्याचे पाइप टाकायला म्हणून नळवाले अकरा वर्षांपूर्वी इथे आले होते. काम संपलं, ठेकेदार गेला, नळवाले राहिले. पाना हातात धरून त्यांना आता युगं लोटली होती, पण एकदा चिकटलेलं नाव कुठलं सुटतंय? साहेबसुद्धा त्यांना नळवालेच म्हणत.

निळी म्हणजे पायात निळं कडं असलेली करकोच्याची मादी, पाच वर्षांची, शुभ्र, डोक्यावर तांबडा ठिपका. तिच्या जातीचे पक्षी जगात मोजकेच उरले होते. तिची आई तिला अंड्यात ठेवूनच गेली, बाप पुढच्या वर्षी गेला, भावंड एकही नव्हतं. म्हणून लांबच्या एका उद्यानाशी वर्षभर पत्रव्यवहार करून डॉक्टरबाईंनी पिवळा आणवला होता. पायात पिवळं कडं, अंगाने उमदा, स्वभावाने इतका गरीब की उद्यानातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याला घरजावई करून टाकलं. आणि निळीला लहानाचं मोठं नळवाल्यांनी केलेलं, म्हणून ते सासरेबुवा. पहिली जखम झाली त्या सकाळी तिकीटवाला हसत हसत म्हणाला होता, सासरेबुवा, मुलीला जरा चार गोष्टी समजवा, असं नवऱ्याच्या अंगावर धावून जाणं बरं दिसतं का?

नळवाले हसले होते. लोक हसतात तेव्हा हसावं, एवढं त्यांना कळत होतं.

निळीचा नाच उद्यानाच्या माहितीपत्रकात छापलेला होता. रोज सकाळी दहाला नळवाले मागच्या दारातून खाणं घेऊन शिरत आणि निळी पंख पसरून त्यांच्यापुढे नाचे. मान लववायची, उडी घ्यायची, चोचीत गवताची काडी धरून ती हवेत भिरकावायची, परत मान लववायची. पुलावर शंभर-शंभर माणसं जमत. पक्ष्याचं माणसावर केवढं प्रेम, असं म्हणून बायका डोळे पुसत. साहेब पाहुण्यांना मुद्दाम दहाच्या वेळेला आणत.

करकोच्याची मादी अशी नाचते ती आपल्या जोडीदारासमोर. हे डॉक्टरबाईंना ठाऊक होतं आणि नळवाल्यांनाही. फक्त हे असं का झालं, ते बाईंना ठाऊक नव्हतं आणि नळवाल्यांना होतं.

निळी अंड्यातून बाहेर आली तेव्हा तिला वाढवायचे नियम बाईंनी खोलीच्या दारावरच लावले होते. पिल्लाला माणूस दिसता कामा नये. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालायचा, तोंडावर जाळी, हातात करकोच्याच्या डोक्याची बाहुली, आणि त्या बाहुलीच्या चोचीनेच भरवायचं. आत एक शब्द बोलायचा नाही. पिल्लू पहिल्या दिवसांत ज्याला बघतं त्याच्याच जातीचं स्वतःला समजतं, आणि एकदा समजलं की मग ब्रह्मदेव आला तरी ते बदलत नाही, असं बाईंनी बजावून सांगितलं होतं. नळवाल्यांनी आठ दिवस सगळं जसंच्या तसं पाळलं.

नवव्या दिवशी त्यांची बायको इस्पितळात होती. हृदयाचं दुखणं, पण डॉक्टर म्हणाले होते की शुक्रवारपर्यंत घरी सोडू. फोन बाहेर कपाटात ठेवायचा नियम होता, तो त्यांनी त्या दिवशी झग्याच्या आत ठेवला होता. दुपारी फोन थरथरला. मुलगी होती. आई गेली, एवढंच तिने सांगितलं, आणि नंतर ती नुसती रडत राहिली.

नळवाल्यांना त्या जाळीत श्वास घेता येईना. त्यांनी ती ओढून काढली आणि ते खाली बसले. वीतभर उंचीचं पिल्लू लटपटत आलं आणि त्यांच्या मांडीशी, झग्याच्या घडीत शिरून बसलं. ते तिथे किती वेळ होते, हे त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. पिल्लाच्या अंगाची ऊब मात्र लक्षात राहिली.

ती झाली चूक. तिच्यावर कोणी बोट ठेवलं नसतं. पण चार दिवसांनी कामावर परत आले तेव्हा त्यांनी जाळी पुन्हा काढली, आणि ती चूक नव्हती. घरी दोन खोल्या, त्यात एक पलंग, दोन खुर्च्या आणि बोलायला कोणी नाही. इथे मान वाकडी करून ऐकणारं कोणीतरी होतं. मग रोज दुपारी बाई जेवायला गेल्या की ते जाळी काढायचे आणि बोलायचे. संध्याकाळी वहीत लिहायचे, “जाळी घातली. बोललो नाही.” ते असं एक्याऐंशी दिवस चाललं.

टाके पडले. पिवळ्याला मागच्या खोलीत सोडून नळवाले खाण्याची बादली घेऊन पाणथळीत शिरले. पुलावर गर्दी होती. निळीने नाचून घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवशी ती तेवढ्यावर थांबली नाही. काठावर जाऊन तिने चोचीत लव्हाळ्याची एक लांब काडी आणली आणि नळवाल्यांच्या गमबुटाशी ठेवली. परत गेली, दुसरी आणली. मग तिसरी. पायांभोवती काड्यांचं कडं तयार होऊ लागलं तसे पुलावरचे लोक हसायला लागले. कोणीतरी वरून ओरडून म्हणालं की हलू नका, फोटो काढायचाय.

नळवाले हलले नाहीतच. निळी काडी ठेवायची, मान लववून त्यांच्याकडे बघायची आणि वाट पाहायची. त्यांनीही एक काडी उचलून ठेवावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. हिला घर मांडायचंय, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि आपल्याबरोबर मांडायचंय. त्यांच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. करकोचा चाळीस वर्षंही जगतो. आपण गेल्यावर ही त्या मागच्या दाराकडे बघत किती वर्षं उभी राहील, याचा हिशेब त्यांच्या मनाला करवेना. त्यांनी पुलाकडून तोंड फिरवलं. लोकांना वाटलं, ते आनंदाने गहिवरलेत.

दुपारी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. बाईंनी अहवालात लिहिलं होतं की नर जोडीला अयोग्य दिसतो, सोमवारी परत पाठवावा. नर त्यांनीच निवडला होता, त्यामुळे तो दोष त्या एका परीने स्वतःवरच घेत होत्या. साहेबांना वाईट वाटलं, पण फार नाही. निदान नाच तर चालू राहील, ते म्हणाले. बाई म्हणाल्या, हो, नाच राहील, पण ती गेली की हे घराणं संपलं. मग दोघांनी सह्या केल्या.

नळवाल्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. पाच वर्षं जमलं होतं, आणखी तीन काही अवघड नव्हती. निळी त्यांचीच राहिली असती. सकाळी उठून जिच्यासाठी दाढी करावी, असं जगात दुसरं कोणी त्यांना नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजताच ते बाईंच्या दारात उभे राहिले.

“पिवळ्याला परत पाठवू नका. त्याच्यात काही खोट नाहीये.”

“मलाही तसंच वाटतंय हो, पण ती त्याला उभं करत नाही, त्याला मी काय करू?”

“पिल्लू असताना मी तिच्याशी बोलायचो. तोंडावरची जाळी काढून.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्या उठल्या, मागच्या कपाटातून जुनी वही काढली, पानं उलटली आणि नळवाल्यांच्या अक्षरावर बोट ठेवलं.

“किती दिवस?”

“नवव्या दिवसापासून. ती उडायला लागेपर्यंत.”

“म्हणजे हे सगळं खोटं?”

“पहिल्या आठ ओळी खऱ्या आहेत.”

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं. नवव्या ओळीची तारीख त्यांच्याही लक्षात होती. त्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतः नळवाल्यांच्या घरी गेल्या होत्या. त्या खाली बसल्या आणि रागाने विचारायचं ते हळू आवाजात विचारलं.

“काय बोलायचात तिच्याशी?”

“घरचंच. भाजी करपली. कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यास, सापडत नाहीयेत. मुलगी फोनवर रडते आणि मला रडू येत नाही. असंच काहीतरी.”

“मला सांगायचंत ना तेव्हाच. मी तुम्हाला महिनाभर सुट्टी दिली असती.”

“सुट्टी घेऊन कुठे जाणार होतो? घरी कोण होतं?”

बाईंनी वही मिटली. मग त्यांनी काय करावं लागेल ते सांगितलं. नळवाल्यांनी निळीला दिसायचं नाही. त्यांचा आवाज तिच्या कानावर पडायचा नाही, त्यांचं खोकणंसुद्धा ती ओळखते. पिवळ्याला वर्षभर शेजारी ठेवून बघू. जमेलच असं नाही, अशा पक्ष्यांत दहातला एखादा वळतो. पण तुम्ही समोर असाल तर तोही वळणार नाही.

“जाण्याआधी एकदा आत जाऊन येतो,” नळवाले म्हणाले.

“नको.”

“दोन मिनिटं. निरोप घेतो फक्त.”

“निरोप तुम्ही घ्याल, नळवाले. तिला तो कळणार नाही. तिला एवढंच कळेल की तुम्ही आलात.”

ते तसेच परत फिरले. दहा वाजायला तेव्हा अजून दीड तास होता.

साहेबांनी त्यांना कडक शब्दांचा एक कागद दिला, पण साहेबांचं खरं दुःख वेगळंच होतं. माहितीपत्रकाच्या दोन हजार प्रती नुकत्याच आल्या होत्या. मग चार जण बसून एकेका प्रतीवर दहाच्या नाचाच्या जागी कोरी पट्टी चिकटवू लागले.

नळवाल्यांना खाण्याच्या खोलीत टाकलं. मासे कापायचे, धान्य उकडायचं, अळ्या निवडायच्या. पाणथळीची जबाबदारी चष्मेवालीकडे आली. ही दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी कामाला चोख होती, पण निळीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निळी मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली, ती उभीच. पहिल्या दिवशी तिने खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवसापासून बाई तिला धरून नळीने पोटात पातळ अन्न घालू लागल्या. आणि ती ओरडत होती. सगळं उद्यान ते ऐकत होतं. पोपटांच्या दालनातले लोकही विचारत, हे कोण ओरडतंय, त्याला काही लागलंय का?

खाण्याची खोली आणि पाणथळ यांच्यात एकच भिंत होती. नळवाले मासे कापत. मुलीचा फोन आला, आमच्याकडे येऊन राहा म्हणाली. बघू म्हणाले. बोटाला सुरी लागली तर चिंधी बांधून कापत राहिले.

सहाव्या दिवशी बर्फाच्या कपाटातून मासे काढताना त्यांना खोकला आला. तोंडावर हात जायच्या आधीच आला. पलीकडचं ओरडणं तिथल्या तिथे थांबलं. मग पाण्यातून धावत येणाऱ्या पायांचा आवाज झाला, आणि भिंतीवर, बरोबर त्यांच्या छातीच्या उंचीला, चोच आपटू लागली. टक, टक, टक. थांबे, वाट पाही, पुन्हा टक टक. नळवाले दोन्ही हात तोंडावर दाबून उभे राहिले. मधलं दार सहा पावलांवर होतं, आणि कडीला कुलूप नसे.

चष्मेवालीने नंतर बाईंना सांगितलं की मी आत आले तेव्हा ते त्या दाराकडे बघत होते, मला वाटलं आता उघडतात. पण ते तिच्या अंगावरून बाहेर गेले, सरळ बाईंच्या खोलीत, आणि माशांच्या हातानेच टेबलाला धरून म्हणाले, “मला लांब टाका. जवळ राहून माझ्याच्याने होणार नाही.”

गाड्या उभ्या करायच्या मैदानापलीकडे उद्यानाची रोपवाटिका होती. दालनांत लावायचं लव्हाळं, वेली, गवत तिथे वाढवत. तिथून पाणथळीची जाळी झाडांवरून टोकापुरती दिसे. निळीचा आवाज तिथेही येई, पण बारीक होऊन. नळवाले माती भरता भरता तो मनाशी धरून असत. ओरडतेय म्हणजे आहे.

अकराव्या दिवशी सकाळपासून आवाज आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. त्यांनी कोणाला विचारलं नाही. काय ऐकावं लागेल याची भीती होती. त्या दिवशी त्यांनी एकच वाफा तीनदा शिंपला. दुपारी चष्मेवाली मैदान ओलांडून येताना दिसली तेव्हा ते हातातली झारी खाली ठेवून उभे राहिले.

“जेवली,” ती लांबूनच म्हणाली. “चार मासे. माझ्या हातून नाही, खाली पडलेले. पण जेवली.”

नळवाल्यांनी मान हलवली आणि तिला पाणी दिलं. ती गेल्यावर ते वाफ्याच्या कडेला बसले आणि बायको गेल्यावर जे त्यांना जमलं नव्हतं ते पोटभर करून घेतलं.

मग वर्ष गेलं. बातम्या येत राहिल्या, कधी चष्मेवालीकडून, कधी बाईंकडून. जाळीच्या अलीकडे-पलीकडे दोघं झोपतात. मग, एकत्र सोडलं, मारलं नाही. मग, एकाच बाजूने चालतात, पण अंतर ठेवून. मध्ये तीन महिने काहीच नाही. बाईंनीही आशा सोडली होती. आणि मग एका सकाळी दोघांचा आवाज आला. नर एकदा, मादी दोनदा, नर एकदा, मादी दोनदा, जोडीने ओरडतात तसा. नळवाल्यांना कोणी सांगायला यावं लागलं नाही. हातातलं रोप त्यांनी नीट लावलं, मुळाशी माती दाबली आणि मगच पुढचं घेतलं.

अंडं घातलं त्याला पंधरा दिवस झाल्यावर बाई स्वतः रोपवाटिकेत आल्या. आता बघून यायला हरकत नाही म्हणाल्या. पण लोकांच्या बाजूने, पुलावरून. टोपी घाला, बोलू नका. आणि उगाच काही मनात धरून जाऊ नका, एवढं त्यांनी जपून सांगितलं.

नळवाले सुट्टीच्या दिवशी गेले. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. कर्मचाऱ्यांना तिकीट लागत नाही, तरी रांगेत उभे राहून आत शिरले. पुलाच्या मध्यावर गर्दी होती, पण कठड्याशी त्यांना नेमकी एक जागा मिळाली.

निळी खाली, पंधरा-वीस पावलांवर, लव्हाळ्याच्या ढिगावर बसली होती. पिवळा बाजूला उभा राहून काड्या उचलून तिच्याकडे टाकत होता, आणि ती त्या घेऊन स्वतःभोवती खोचत होती. त्याच्या डाव्या डोळ्यावर पीस उगवलं नव्हतं, तेवढीच काय ती जुनी खूण. नळवाल्यांनी कठडा धरला. आपल्याला बघून ती उठली तर काय करायचं, मागे पळायचं, हे त्यांनी घरून ठरवून आणलं होतं.

तिने मान वर केली. पुलावरच्या माणसांवरून तिची नजर सावकाश फिरली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. नळवाल्यांच्या तोंडावरही ती आली. शेजारच्या माणसावर जेवढी थांबली होती तेवढीच थांबली आणि पुढे गेली. मग ती जरा उठली, चोचीने अंडं उलटवलं, आणि परत बसली.

हेच तर हवं होतं. यासाठीच वर्षभर तोंड दाबून धरलं होतं. आणि तरी त्यांनी कठडा आणखी घट्ट धरला. त्यांना आनंद झाला होता, आणि तो आनंद त्यांना सोसत नव्हता.

मागून कोणीतरी खांद्याला हात लावला. एक बाई होती, थकलेल्या सासूला हाताला धरून उभी.

“काका, जरा सरकता का? आईंना काही दिसत नाहीये. तुमचं बघून झालं असेल तर.”

नळवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. बोलायचं नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली आणि मागे झाले. म्हातारी पुढे सरकली, तिने कठडा धरला, आणि जागा भरली. मागून आता माणसांच्या पाठीच दिसत होत्या. नळवाले थोडा वेळ त्या पाठींमागे उभे राहिले, मग लोकांना वाट देत देत दाराकडे निघाले.